गेणूतात्यांना जागं ठेवणारी गाडी

आमच्या वस्तीवरच्या दगडाबाईंना विचाराल तर गेणूतात्या कोकरे दारू पितात. खरं तर विचारायचीही गरज नाही. पिठाच्या गिरणीत दळण लावून बसल्या की त्या आपण होऊन सांगतात. गालात मिश्री असते, त्यामुळे सगळं वाक्य नाकातून येतं आणि शेवटचा शब्द तेवढा तोंडातून.

"सारजीचं नशीब बाई. नवरा दिसाया गरीब गाय. आन उसानं भरल्याला ट्रॅक्टर दिवसाढवळ्या हरभऱ्यात घातला की! हरभऱ्यात! बरं, घरी येऊन गप पडावं, तर न्हाय. एवढा मिशीवाला बाप्या, आन लहान पोरागत झुकझुक गाडी खेळत बसतो. दारू पार मेंदवात गेली त्येच्या."

यातलं हरभऱ्याचं खरं आहे. झुकझुक गाडीचंही खरं आहे. दारूचं साफ खोटं. तात्यांच्या घशाखाली चहा सोडून दुसरं काही उतरलेलं नाही. एकदा कुणाच्या तरी वरातीत हातात पेला दिला होता म्हणतात, पण तो ओठाला लागायच्या आत तात्या बसल्या जागी घोरायला लागले आणि देणाऱ्यानंच तो परत घेऊन पिऊन टाकला. हरभऱ्यातही तेच झालं होतं. तात्या प्यालेले नव्हते, झोपलेले होते.

तात्या माझे थोरले चुलते. माळेगाव बुद्रुकला आमची आणि त्यांची मधली भिंत एकच, त्यामुळे त्यांच्या घरातलं मला न डोकावता ऐकू येतं. मूळचे आम्ही कळसचे. आजोबांची मेंढरं होती. दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणात उतरायचे, उन्हाळा सरताना परत वर यायचे. पुढं चरायची रानं उसाखाली गेली आणि मेंढरं विकून टाकावी लागली. माझे वडील भाजीच्या मळ्यात लागले, तात्यांनी ट्रॅक्टर धरला. तात्या म्हणतात, "आबांचं पाय चालून झिजलं, माजं बसून."

ट्रॅक्टर कुंडलिकरावांचा. कळस, शेळगाव या बाजूचा ऊस माळेगावच्या कारखान्यावर आणायचा. मागं दोन ट्रॉल्या. हंगाम लागला की तात्या उसाच्या फडात जातात, ट्रॉल्या भरेपर्यंत थांबतात, भरल्या की निघतात, कारखान्याच्या यार्डात नंबर लावून पुन्हा थांबतात, वजनकाटा झाला की ऊस खाली करतात आणि रिकाम्या ट्रॉल्या खडखडवत परत फडात. मध्ये झोप कुठं? तर ट्रॉलीच्या सावलीत, चाकाला दगड लावून. पुढचा ट्रॅक्टर सरकला की मागचा हॉर्न मारतो, तात्या उठतात, चार हात पुढं सरकतात, परत झोपतात. अशा तुकड्यांनी झोपणारा माणूस पुरता झोपतही नाही आणि पुरता जागाही होत नाही. हंगामाच्या मध्यावर तात्यांचे डोळे असे दिसतात की त्यांच्याशी बोलताना आपल्यालाच जांभई येते.

कुंडलिकराव त्यांना बोलवायला राजदूत मोटारसायकलवर येतात. गाडीवरून उतरत नाहीत. एक पाय जमिनीवर, एक हात हँडलवर, आणि प्रत्येक गोष्ट दोनदा.

"गेणबा, चल चल. ऊस वाळतोय, ऊस वाळतोय. जमंल नव्हं? जमंल नव्हं?"

आणि तात्या, ज्यांना सदऱ्याचं बटण कुठलं आणि काज कुठलं हेही त्या वेळी दिसत नसतं, म्हणतात, "जमत-आऽऽऽ-य की." जांभई शब्दाच्या मधोमध येते. मी सगळ्यांच्या नकला करते, ही कितीदा करून बघितलीय. आधी जांभई दिली तर ती खोटी वाटते, शब्दानंतर दिली तर उद्धट वाटते. मधोमधच यावी लागते, आणि तशी ती फक्त तात्यांनाच येते.

आता गाडीचं.

एका उन्हाळ्यात दौंडला लग्न होतं. तात्या, सारजाकाकी, त्यांची मुलगी संजीवनी, धाकटा सूरज आणि मी, असे सगळे बारामतीहून रेल्वेनं निघालो. तात्या रेल्वेत पहिल्यांदाच बसत होते. खिडकीतून थोडा वेळ बघितल्यावर त्यांनी सूरजला विचारलं, "ह्येच्या डायवरला ष्टेरिंग कुठं असतंय रं?"

"नसतंय, तात्या. रूळ जातील तिकडं गाडी जाती."

"मंग डायवर करतो काय?"

"सोडतो आन थांबवतो."

"मधी?"

"मधी काय न्हाय. बसतो."

काटफळ स्टेशन येईपर्यंत तात्या याच्यावर विचार करत होते. मग त्यांनी डोकं खिडकीच्या गजाला टेकवलं आणि झोपले ते दौंडला दोघांनी धरून हलवल्यावर उठले. काकी म्हणाली, लग्न झाल्यापासून ह्यांना इतकं गाढ झोपलेलं मी बघितलं नव्हतं. लग्नघरात कुणी "काय गेणूराव, बरं हाय का?" म्हटलं की तात्या "ष्टेरिंगच न्हाय वो त्येला" एवढंच सांगत होते. वरपक्षाला वाटलं, हा माणूस नवरदेवाविषयी काहीतरी सुचवतोय.

परत आल्यावर तात्यांनी सूरजला घेऊन काम सुरू केलं. हंगाम नव्हता, दिवस मोकळे होते. द्राक्षाच्या मांडवाची उरलेली तार त्यांनी शेळगावच्या एका बागाईतदाराकडून मागून आणली, ती सरळ केली आणि तिचे रूळ केले. रुळाखाली तुरीच्या काटक्यांचे तुकडे ठोकले. चाकं म्हणून संजीवनीच्या शिलाई मशीनच्या बॉबिनी. दोन्ही बाजूंना कड, मधे खाच, तार बरोबर खाचेत बसते. संजीवनी बारामतीला शिवणक्लासला जायची. आठवडाभर तिला वाटत होतं की क्लासमधल्याच कुणीतरी बॉबिनी चोरल्या, आणि ती तिथल्या पोरींशी बोलत नव्हती. इंजिन गोडेतेलाच्या डब्याचं. एका बाजूला छापलेली भुईमुगाची अर्धी शेंग अजून दिसते. आत मोटर ट्रॅक्टरच्या बंद पडलेल्या टेपची. सेल इंजिनात मावेनात म्हणून मागच्या डब्यात ठेवले, आणि त्याच्यामागं आणखी एक डबा, रिकामाच, कारण तात्यांना मागं दोन नसले की चुकल्यासारखं होतं.

घराच्या दोनच खोल्या. बाहेरच्या खोलीत कमरेएवढ्या उंचीवर भिंतीभोवती फळ्या ठोकल्या, भिंतीतली एक वीट काढून रूळ सैपाकघरात नेला, तिथं तो पाण्याच्या हंड्यावरून, भांड्यांच्या मांडणीला वळसा घालून, दुसऱ्या विटेच्या भोकातून परत बाहेर. बाहेरची खोली म्हणजे दौंड, चुलीजवळ बारामती. मधे तात्यांनी एक कळस स्टेशन घातलं. सूरज म्हणाला, "तात्या, कळसला रेल्वे कुठं हाय?"

"सरकारची न्हाय. आपली हाय."

विटा काढायला काकीची परवानगी लागली. काकीनं ती एका अटीवर दिली. आमच्यात रस्ता आधी मेंढरांचा असतो. मेंढरं रस्त्यावर आली की एसटीसुद्धा थांबते, हे काकीनं लहानपणापासून बघितलेलं. जुन्या घोंगडीची लोकर उपटून तिनं बोटभर उंचीची मेंढरं केली, काडीचे पाय लावले, सगळी एका पट्टीवर चिकटवली आणि पट्टीला दोरा बांधला. दोरा ओढला की कळप रुळावर येतो.

"मेंढरं आली की गाडी थांबली पायजे," काकी म्हणाली. "आदी मेंढरं, मंग तुमची रेल्वे."

"अगं पर रेल्वे थांबत नसती कुणासाठी."

"मंग माजी वीट परत लावा."

रेल्वे थांबायला लागली. काकीला वाटेल तेव्हा ती दोरा ओढते, तात्या "मेंढरं!" म्हणून ओरडतात, सूरज धावत जाऊन इंजिनावरचं बटण बंद करतो. कळप पार होईपर्यंत सगळे गप उभे. कधीकधी काकी मुद्दाम कळप मधेच थांबवते आणि म्हणते, "एक कोकरू मागं राह्यलंय."

तात्यांनी मात्र एक घोटाळा करून ठेवला होता. चारही कोपऱ्यांची वळणं त्यांनी स्वतः घातली. दोन ट्रॉल्या घेऊन वळणारा माणूस आधी उलट्या बाजूला बाहेर काढतो आणि मग आत मारतो, नाहीतर मागची ट्रॉली बांधावर चढते. तात्यांचा रूळही तसाच. डावीकडं वळायच्या आधी तो उजवीकडं फुगतो, मग वळतो. सूरजनं डोक्याला हात लावला.

"तात्या, रूळ सरळ येऊन वळू द्या की."

"आरं येड्या, मागं दोन डबं हायत. आदी भाईर काडल्याबिगर वळंल व्हय? आत कापलं तर आयची मांडणी घासंल."

"रेल्वेचा डबा रुळावरनंच जातो, तात्या. आत कापत न्हाय."

"जातो म्हणून काय त्याला जागा द्यायची न्हाय?"

तेव्हापासून आमची गाडी प्रत्येक कोपऱ्याला आधी कंबर बाहेर काढते, कडेवर घागर घेतलेली बाई दारातून निघावी तशी, आणि मग वळते. तीन कोपरे ती कशीबशी काढते. मांडणीच्या कोपऱ्यावर पडायची. तिथं सूरजनं कडेला एक पट्टी ठोकली, तेव्हापासून ती पडेल पडेल असं वाटतं आणि बहुतेक वेळा पडत नाही.

त्या उन्हाळ्यात आम्ही संध्याकाळी रोज खेळलो. सूरज गार्ड, संजीवनी बारामतीची स्टेशनमास्तर, काकीकडं मेंढरं, माझ्याकडं नाकातून हिंदी बोलणारी स्टेशनवरची बाई: "दौंड से चलकर कळस के रास्ते सैपाकघर जानेवाली गाडी..." तात्या डायवर. म्हणजे खाटेवर पाय लांब करून बसायचं आणि काही करायचं नाही. एखादा माणूस काही न करता इतका खूश दिसू शकतो हे मला तेव्हा कळलं. काकीनं चहाचं आधण ठेवलं आणि गाडी सोडली, तर चहा गाळून कपात पडतो तेव्हा गाडी परत दौंडला येते, इतकी ती सावकाश.

मग हंगाम लागला आणि डायवर गेला. गाडी फळीवर धूळ खात पडली.

हरभऱ्याची गोष्ट त्याच हंगामातली. शेळगावच्या अलीकडं सरळ रस्त्यावर, टळटळीत उन्हात, तात्यांचा ट्रॅक्टर रस्ता सोडून शांतपणे छबूबाईंच्या रानात उतरला आणि पीक तुडवत तुडवत मऊ जमिनीत रुतून बंद पडला. ट्रॉल्या उलटल्या नाहीत हे नशीब. छबूबाई विळा घेऊन शिव्या देत धावत आल्या. बघतात तर डायवर स्टेअरिंगवर गाल ठेवून अजून झोपलेलाच. त्यांच्या शिव्या तोंडातच राहिल्या. त्यांनी कळशीतलं पाणी ओंजळीनं त्याच्या तोंडावर मारलं.

"दादा, उठा. माज्या हरभऱ्यात आलाय तुमी."

तात्या डोळे न उघडता म्हणाले, "जमतंय की."

हे आम्हाला छबूबाईंनीच सांगितलं. त्या नुकसान मागायला आल्या होत्या आणि काकीचा चेहरा बघून चहा पिऊन गेल्या. जाताना त्यांनी आणखी एक सांगितलं. त्यांच्या रानाची जमीन मऊ होती म्हणून ट्रॅक्टर रुतला. रानाच्या पुढच्या बांधाला लागून कालवा आहे. भरून वाहणारा.

त्या दिवशी तात्या घरी आले तेव्हा काकी ओरडली नाही. मी भिंतीला कान लावून बसले होते, भांडण ऐकायला मिळेल म्हणून. पलीकडून नुसता फडक्याचा आवाज येत होता. काकी रुळावरची धूळ पुसत होती. मग मी सरळ त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले.

"आजपासनं गाडी फिरल्याबिगर तुमी जायचं न्हाय," काकी म्हणाली.

"कंची गाडी?"

"ही. एक फेरी. फेरी पुरी हुईस्तवर डोळं उघडं राह्यलं तर खुशाल जावा. मिटलं तर हितंच पडायचं. भाईर कुंडलिकदादा येऊ द्या न्हायतर कारखाना चालत येऊ द्या."

"आन मालकाला काय सांगू? रेल्वे लेट हाय?"

"सांगा की."

तात्या हसले. काकी हसली नाही. "तुमच्या तोंडातनं न्हाय निघत न्हाय, म्हाइतीय मला," ती म्हणाली. "तुमी नका म्हणू. गाडी म्हणंल."

अशी ती गाडी खेळण्यातून उठून कामाला लागली. तात्या खेप करून घरी यायचे, भाकरी खायचे, आणि पुन्हा निघायच्या आधी त्यांना खाटेवर बसवून सूरज इंजिनाचं बटण दाबायचा. खाट अशी मधल्या दारात ओढलेली की दोन्ही खोल्या दिसाव्यात. पहिल्या दिवशी तात्या पहिल्याच कोपऱ्याला गेले. गाडीनं कंबर बाहेर काढली आणि तात्यांनी मान टाकली. दुसऱ्या वेळी कळसपर्यंत टिकले. मग त्यांनी एक कला शोधून काढली: डोळे उघडे ठेवून झोपायची. बाहुल्या एका जागी, ओठ थोडे उघडे, श्वास लांब. सूरज फसला, मी फसले. काकीनं दोरा ओढला. मेंढरं रुळावर आली, गाडी त्यांच्यावर जाऊन आदळली, दोन मेंढरं हंड्यात पडली, आणि तात्या उघड्या डोळ्यांनी बघत राहिले.

"मेंढरं म्हणाला न्हाईत तुमी," काकी म्हणाली आणि त्यांच्या अंगावर वाकळ टाकली.

बाहेर राजदूत. कुंडलिकराव एक पाय टेकून.

"आली का गाडी? आली का?"

"पडली!" सूरज आतून ओरडला.

"आता काय करू, आता काय करू? ऊस तोडून पडलाय आन ही माणसं रेल्वे बघत्यात. वैनी, आवो वैनी!"

"भाऊजी, झोपलं हायती ते," काकी दारातून म्हणाली. "तुमी चालवा की ट्रॅक्टर."

कुंडलिकरावांना एक ट्रॉलीसुद्धा मागं घेता येत नाही. ते बडबडत निघून गेले आणि दुसरा डायवर शोधायला लागले. कधी मिळाला, कधी नाही. पुढं पुढं तर त्यांनाही सवय लागली. दाराबाहेर राजदूतवर बसून विचारायचे, "कुठवर आली, कुठवर आली?" आणि सूरज सांगायचा, "कळस सोडलं." फेरी पूर्ण झाली की ते किक मारायचे आणि तात्यांना मागं बसवून न्यायचे. पण एकदा जाता जाता काकीला म्हणालेच, "पुढल्या हंगामाला दुसरा माणूस बघावा लागंल, वैनी. बघावाच लागंल."

हे तात्यांनी ऐकलं. तेव्हापासून ते फेरीच्या आधी डोळ्यांवर गार पाणी मारायचे, हिरवी मिरची चावायचे, मांडीला चिमटा काढायचे. गाडी परत येईपर्यंत डोळ्यांतून पाणी वाहत असायचं. आणि डोळे उघडे राहिले की ते जायचे. काकीला बोलता यायचं नाही, अट तिचीच होती. ती भाकरी फडक्यात बांधून द्यायची आणि ते गेल्यावर मेंढरं एकेक करून पुसत बसायची.

एप्रिल आला. कारखान्याचा पट्टा पडायला, म्हणजे गाळप संपायला आलं होतं. शेवटचे फड राहिले होते आणि सगळ्यांनाच घाई झाली होती, कारण कारखाना बंद झाला की रानात उरलेला ऊस कुणी घेत नाही. तात्या लागोपाठ खेपा करत होते. त्या दुपारी ते घरी आले तेव्हा चप्पल काढायची विसरून सैपाकघरापर्यंत गेले. काकी तिथं कुणाला चपलेनं जाऊ देत नाही. आज तिनं तसंच ताट वाढलं. तात्यांचा रंग उसाच्या पाचटासारखा झाला होता. जेवताना त्यांनी घास भाजीत बुडवला आणि तो तसाच हातात धरून थोडा वेळ बसले.

राजदूत आली.

"गेणबा, शेवटची खेप, शेवटची. शेळगावात ट्रॉल्या भरून हुब्या हायत, भरून हुब्या. ही टाकली की मोकळा."

तात्या खाटेवर येऊन बसले. सूरज गाडीत सेल घालत होता. मी त्यांच्या शेजारी बसले आणि हळूच म्हणाले, "तात्या, आज तुमी जाणार."

"कशावरनं?"

"तोंडात मिरची हाय तुमच्या."

तात्यांनी मिरची दुसऱ्या गालात सरकवली. "डोळं मिटलं तर ऱ्हाईन की."

"मिटणार न्हाईत. आज शेवटची खेप हाय, तुमी मरस्तवर डोळं उघडं ठेवणार. आन उघडं राह्यलं की उठून चालाय लागणार. मालकाला तुमी कवा न्हाय म्हणालाय? पैज लावा."

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. इतक्या थकलेल्या तोंडावर हसू आलं की ते हसू आहे हे कळायला वेळ लागतो.

"कशाची पैज?"

"तुमी गेला, तर संजीवनीचा साखरपुडा ठरलाय नव्हं, त्यात मी सगळ्या पाव्हण्यांम्होरं तुमचं घोरणं काढून दावणार. जांभईसकट."

"आन न्हाय गेलो तर?"

"तुमी सांगाल ते."

"तर भाईर जाऊन मालकाला तूच सांगायचं," तात्या म्हणाले. "आन माज्या आवाजात नगं, सुके. मालकाच्या बी नगं. तुज्या आवाजात."

मी हो म्हणाले. मला पैज जिंकल्यासारखंच वाटत होतं. साखरपुड्यात कुठं उभं राहायचं तेही मी ठरवलं होतं.

सूरजनं बटण दाबलं. गाडी दौंडहून सुटली. पहिल्या कोपऱ्याला तिनं कंबर काढली, तात्यांचे डोळे उघडे. कळस आलं, गेलं. तात्यांच्या पापण्या अर्ध्यावर आल्या, त्यांनी मिरची चावली, डोळे परत वर गेले. बाहेरून कुंडलिकराव, "कुठवर आली, कुठवर आली?" सूरज गाडीबरोबर चालत होता. गाडी भोकातून सैपाकघरात शिरली. काकी चुलीजवळ उभी होती, हातात दोरा. ती गाडीकडं बघत नव्हती, तात्यांकडं बघत होती. गाडी अगदी जवळ येईपर्यंत तिनं दोरा ओढला नाही, आणि मग एकदम ओढला.

"मेंढरं!" तात्या म्हणाले. आवाज फाटका, पण वेळेवर.

सूरजनं गाडी थांबवली. कळप पार झाला. काकीनं मेंढरं फार सावकाश नेली. मग गाडी मांडणीच्या कोपऱ्यावर आली, बाहेर झुकली, मागचा रिकामा डबा एका बाजूच्या चाकांवर उभा राहिला. मला वाटलं गेली. काकीलाही वाटलं असावं, तिनं पदर तोंडाला लावला. डबा परत रुळावर बसला आणि गाडी दुसऱ्या भोकातून बाहेर येऊन दौंडला लागली. तात्यांचे डोळे टक्क उघडे होते. चांगले उघडे होते, जिवंत.

काकी आत वळली आणि भाकरी बांधायला फडकं घेतलं. बाहेर कुंडलिकरावांनी किक मारली. तात्यांनी पाय खाली सोडले आणि एक चप्पल पायात घातली. मी मनातल्या मनात घोरायला सुरुवातही केली होती.

तात्यांनी दुसरी चप्पल पायानं चाचपली. सापडली. ती त्यांनी घातली नाही. थोडा वेळ तिच्याकडं बघत बसले आणि मग पहिलीही काढली.

"सूरज, सेल हायती का अजून?"

"हायती."

"मंग परत सोड."

"अवो, मालक थांबल्यात," काकी आतून म्हणाली. तिच्या हातात अर्धं बांधलेलं फडकं होतं.

"थांबू द्या." तात्यांनी मिरचीचं देठ थुंकलं. "डोळं उघडं व्हतं माजं. तुमी सगळ्यांनी बघितलं. पर ती कोपऱ्यावर झुकली नव्हं, तवा म्या ब्रेक दाबला. हितं, खाटंवर. पायानं." त्यांनी उजवा पाय उचलून दाखवला. "खाटंला ब्रेक न्हाय हे मला कळलंच न्हाय. असा माणूस रस्त्यावर काय करंल? मी न्हाय जायाचा आज."

 काकी येऊन खाटेच्या कडेला बसली. हंगामात ती त्यांच्या शेजारी बसलेली मी पहिल्यांदाच बघितली. फडकं मांडीवर घेऊन ती गाठ सोडत होती आणि गाठ काही सुटत नव्हती.

"पुढल्या हंगामाला ट्रॅक्टर न्हाय मिळायचा," ती हळू आवाजात म्हणाली.

"न्हाय मिळायचा," तात्या म्हणाले. "बघू." आणि आडवे झाले.

सूरजनं गाडी सोडली. पहिल्या कोपऱ्याच्या आत तात्या झोपले, तोंड उघडं टाकून, सगळ्या अंगानं.

मी पैज हरले होते. दारापर्यंत गेले आणि तिथं थोडी थांबले, कारण तोंडात आपोआप कुंडलिकराव येत होते, मग तात्या आले, मग दगडाबाईसुद्धा येऊन गेल्या. ते सगळे जाईपर्यंत थांबले. मग उन्हात उतरले, राजदूतजवळ गेले आणि म्हणाले, "कुंडलिककाका, तात्या येत न्हाईत. ते न्हाय म्हणाले."